पाव इंच

गिऱ्हाईक वारलं की त्याचा फर्मा खुंटीवरून उतरवायचा आणि त्याच्या घरी नेऊन द्यायचा, हा उस्तादांच्या दुकानाचा नियम. फर्मा म्हणजे पायाच्या मापाचा लाकडी साचा. त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. ज्याचा पाय त्याचा फर्मा. घरचे लोक तो हातात घेऊन बावचळायचे. लाकडाचे दोन पाय, त्यांचं करायचं तरी काय? एका सुनेनं सासऱ्यांचा उजवा पाय खिडकीला अडसर म्हणून लावला आणि डावा कुठे टाकला ते तिलाही सांगता येईना. उस्तादांना वाईट वाटायचं, पण बोलायचे नाहीत. आपण आपलं पोचवायचं, पुढे ज्याचं त्याचं.

गेल्या दहा वर्षांत खुंटीवर चढणं बंद आणि उतरणंच चालू. मापाचे बूट शिवून घेणारी माणसं एक तर गेली, नाही तर घरात सपाता घालून बसली. भिंतीवर शेवटी चौदा जोड उरले. आणि आता उस्तादांना तेही उतरवायचे होते, कारण दुकानच जाणार होतं. हात थरथरतात, चामडं कापायच्या रापीनं दोनदा अंगठा कापून घेतलाय, आणखी किती दिवस वाट बघायची, म्हणून लेकीनं सगळं ठरवलं होतं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या शनिवारी किल्ली द्यायची. लेक वाईट नाही हो. बापाचा अंगठा शिवताना डॉक्टरकडे तीच उभी होती.

"बाबा, यातले जिवंत किती?" तिनं भिंतीकडे बघत विचारलं.

"बाराजण नक्की. दोघांचं माहीत नाही."

"मग बाराजणांना फोन करते. न्यायचे असतील तर नेतील."

"जिवंत माणसाला त्याचा फर्मा देतात का कुठे?" उस्ताद म्हणाले. "तू कर फोन. मी बोलणार नाही."

तर असे ते एकेक उतरवत बसले होते. स्टुलावर चढायला लेकीनं मनाई केलेली, म्हणून लांब काठीनं. अकरावा जोड हाती आला आणि त्यांची काठी तशीच वर राहिली.

तो बाईंचा जोड होता.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या कवायतीच्या बाई. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानात आल्या, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मला आठ दिवसांत सरळ चालायचंय. होईल?" लहानपणी पाय मोडलेला, हाड नीट जुळलं नाही, डावा पाय पाव इंचानं आखूड राहिला. चालताना जरा झोल जायचा. एरवी कुणी मनावर घेतलं नसतं, पण कवायतीची नोकरी, मुलींच्या पुढे डावा-उजवा करत चालायचं. लंगडी बाई कोण ठेवून घेणार? उस्ताद तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांनी पाय बघितला, म्हणाले, "होईल. कुणाला कळणारही नाही."

आणि खरंच नाही कळलं. बुचाची एक निमुळती पट्टी, टाचेखाली पाव इंच जाड आणि बोटांकडे कागदाइतकी पातळ, ती डाव्या बुटाच्या आत, दोन तळांच्या मधे. बाहेरून दोन्ही बूट सारखे. बाई पुढे मुख्य कवायत शिक्षिका झाल्या, मैदानावर हजार मुलींच्या पुढे ताठ चालल्या, निवृत्त झाल्या, हारतुरे झाले, आणि त्या पाव इंचाची गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक राहिली. तीन म्हणा. उस्तादांच्या बायकोला कळलंच होतं. दर दोन वर्षांनी बाई नव्या जोडीसाठी यायच्या त्या दिवशी उस्ताद सकाळीच दाढी करायचे, आणि ती आरसा पुसत म्हणायची, "आज तुमची पाव इंचवाली येणार वाटतं." चिडून नाही, गमतीनं. तिला नवरा पुरता ओळखीचा होता. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रेमच की. म्हणा. मी कोण अडवणारा? चव्वेचाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना 'उस्ताद' आणि 'बाई' यापलीकडे हाक मारली नाही. बाई माप द्यायला कागदावर उभ्या राहायच्या, आधाराला खुर्चीची पाठ धरायच्या आणि छताकडे बघायच्या. उस्ताद गुडघ्यावर बसून पायाभोवती पेन्सिल फिरवायचे. बाईंना गुदगुल्या व्हायच्या, त्या हसू दाबायच्या, आणि दाबलेलं हसू उस्तादांना खालीही ऐकू यायचं. एवढंच होतं. त्यांना एवढं पुरत होतं, आणि पुरत नव्हतंही.

तर त्या जोडाला एक पत्र्याचा तुकडा बांधलेला होता. बुचाची पट्टी कापायचा नमुना. उस्तादांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं एक सवय लावली होती: नमुना सोडायचा, पट्टी कापायची, बुटात बसवायची, आणि ज्या बुटात बसवली त्याच पायाच्या फर्म्याला नमुना तिथल्या तिथे परत बांधायचा. मगच बूट बंद करायचा. म्हणजे नंतर शंका आली तर बूट फाडून बघायला नको. चाळीस वर्षं तो पत्रा डाव्या फर्म्याला होता.

आता तो उजव्याला होता.

उस्तादांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. गाठ त्यांचीच, मेणाच्या धाग्याची, दुहेरी. मग ते खाली बसले. पट्टी उजव्या बुटात गेली होती. आखूड पाय आखूडच राहिला आणि धड पाय पाव इंच वर चढला. पाव इंचाचा फरक मिटवायचा तो अर्धा इंच करून ठेवला होता. शिकाऊ माणूस पहिल्या वर्षात करतो ती चूक.

आणि त्यांना तो दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. बाईंनी नवे बूट घातले, खुर्चीपासून दारापर्यंत चार पावलं टाकली आणि थांबल्या. पाठमोऱ्याच. मग वळून म्हणाल्या, "छान झालेत, उस्ताद. आजवरचे सगळ्यात हलके." लगेच काढले, जुने घातले. "नवे आहेत, जपून वापरते." उस्ताद खोक्याला दोरी बांधायला गेले तर बोटांत गाठच येईना. बाईंनी त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि स्वतः बांधली. "सगळ्यात हलके" हे शब्द उस्तादांनी पुढे आठवडाभर चघळले होते. आणि त्यानंतर बाई आल्या नाहीत. तळ बदलायला नाही, पॉलिशला नाही, सहज डोकावायलाही नाही.

ज्या दोघांचं 'माहीत नाही', त्यांतल्या एक बाईच होत्या.

त्यांनी तसंच उठून जायला हवं होतं की नाही? जायला हवंच होतं. पत्ता ठाऊक होता, बस दारातून जात होती. पण माणूस घाबरला की त्याला कामं सुचतात. उस्तादांनी ठरवलं, माफी मागायला मोकळ्या हातानं जायचं नसतं. आधी नवी जोडी शिवू, बिनचूक, आणि ती घेऊन जाऊ. खरं कारण वेगळंच होतं. दार उघडून कुणी सांगितलं असतं की बाई पडल्या, त्या बुटांमुळे पडल्या, त्यातच गेल्या, तर? जोडी शिवून होईपर्यंत तरी बाई जिवंत होत्या. मला हे पटत नाही, पण समजतं.

लेक खोकी भरायला आली तर बाप आरी घेऊन बसलेला.

"बाबा, हे काय नवीन?"

"एक जोडी राहिलीय."

"कुणाची?"

उस्तादांनी धाग्याला मेण लावलं. लेकीनं फर्मा बघितला, बारीक, बाईमाणसाचा. आईची चेष्टा तिनंही लहानपणी ऐकली होती. तिनं खोक्यातून बापाचा जाड चष्मा शोधून काढला आणि समोर ठेवला. "अंगठ्याला पट्टी गुंडाळून शिवा," एवढंच म्हणाली.

पूर्वी चार दिवसांचं काम, त्याला अकरा दिवस लागले. हात थरथरायचा तेव्हा उस्ताद तो मांडीखाली दाबून बसायचे, जरा थांबला की दोन टाके घालायचे. एका बाजूचे टाके उसवून पुन्हा घातले. पट्टी बसवताना डावा फर्मा हातात धरून मोठ्यानं म्हणाले, "डावा." बाहेरून जाणाऱ्यानं वळून बघितलं. पत्रा डाव्याला बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग वाटलं, तो बरोबरच न्यावा. सोडून खिशात टाकला. बूट झाले आणि त्यांना कळलं की ही आपली शेवटची जोडी. टाके काही ठिकाणी वेडेवाकडे होते. पूर्वीच्या उस्तादांनी असा बूट गिऱ्हाइकाला दाखवला नसता.

शुक्रवारी त्यांनी दाढी केली. आरसा पुसणारं कुणी नव्हतं, म्हणून जरा रडूही आलं. खोकं काखेत मारून ते बसमधे बसले.

दार बाईंच्या भाचीनं उघडलं. तिशीतली, हातात ओला फडका.

उस्ताद पाठ करून आणलेलं सगळं विसरले. "बाई..." एवढंच म्हणाले आणि खोकं पुढे केलं.

"आत्या, कुणी तरी आलंय. हातात बुटांचं खोकं आहे."

आतून बाईंचा आवाज आला, मैदानावरचाच, थोडा घोगरा झालेला. "आत घे त्यांना. आणि ती खुर्ची पुस, माणूस दाढी करून आला असेल."

उस्तादांच्या छातीवरचं अकरा दिवसांचं ओझं उतरलं. बाई होत्या. खिडकीशी बसलेल्या, केस पांढरेशुभ्र, शेजारी चार पायांची चालायची चौकट. ती चौकट बघितली आणि उतरलेलं ओझं परत येऊन बसलं.

"माझ्या बुटांनी?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"काय तुमच्या बुटांनी?"

"पडलात ना. पट्टी उजव्यात गेली होती, बाई. मला परवा कळलं. परवा म्हणजे अकरा दिवस झाले. आधी यायला हवं होतं, भ्यालो."

बाईंनी हातानं खुर्ची दाखवली. मग म्हणाल्या, "बसा आधी. न्हाणीघरात पडले मी, अनवाणी. गेल्या वर्षी. डावा खुबा मोडला. तुमच्या बुटांचा काही संबंध नाही. ते बूट मी तुमच्या दुकानातल्या चार पावलांनंतर पायात घातलेच नाहीत."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"उस्ताद, चाळीस वर्षं मी त्या पाव इंचावर उभी होते. मला नाही कळणार तर कुणाला?"

भाची पाणी ठेवून आत गेली. शहाणी मुलगी.

"मग बोलला का नाहीत? परत का नाही आणलेत? दुपारभरात नीट केले असते मी."

"केले असतेत. आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतंत. मला तुमचा स्वभाव माहीत नाही? त्या दिवशी तुमच्या बोटांत दोरीची गाठ येत नव्हती. आधीच मनातून खचला होतात. त्यात मी ते बूट समोर आणून ठेवायचे? म्हटलं, राहू दे. दुकान राहायला हवं. ते गेलं तर मी जायचं कुठे?"

"पण मग आला कुठे तुम्ही?"

"तेच तर. आले असते तर तुम्ही पायाकडे बघितलं असतंत. जुने बूट बघून विचारलं असतंत, नवे का नाही घातले. मला तुमच्याशी खोटं बोलता येत नाही. रोज म्हणायचे, उद्या जाईन, काही तरी सबब सांगेन. मग पडले, आणि ते उद्या-उद्या करणंही संपलं."

उस्ताद पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. "मी पाचला दुकान बंद करायचो," ते म्हणाले. "पूर्वी. या दोन वर्षांत सात वाजवायचो. वाटायचं, शाळा नाही आता, तुम्ही उशिरा बाहेर पडत असाल."

दोघांनाही जे वाटलं ते सरळच सांगतो: हळहळ वाटली. काळजीपोटी, एकमेकांना जपण्याच्या नादात दोन वर्षं घालवली होती, आणि दोन वर्षं घालवण्याइतकी शिल्लक दोघांकडेही नव्हती.

मग उस्तादांनी खोकं उघडलं. "हे बरोबर आहेत. पट्टी डाव्यात. तीनदा बघितलंय."

बाईंनी बूट मांडीवर घेतला, वेड्यावाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि हसायला लागल्या. तेच जुनं दाबलेलं हसू, फक्त या वेळी दाबलं नाही. हसता हसता डोळे पुसले.

"काय झालं?"

"उस्ताद, माझा पाय आखूड राहिला नाही हो. नवा सांधा बसवताना डॉक्टरनं लांबी बरोबर करून टाकली. दोन्ही पाय सारखे. मी त्याला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं, त्यानं आपलं मापून परस्पर केलं. चाळीस वर्षं तुम्ही जे केलंत ते त्या पोरानं दोन तासांत संपवलं."

उस्तादांना हसू येईना. सत्तर वर्षांच्या बाईचा पाय सरळ झाला, आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना आपल्या अंगातलंच काही काढून घेतल्यासारखं वाटलं. पाव इंच तेवढा त्यांचा होता. जगात इतकी माणसं, इतके पाय, त्यात ती एवढीशी जागा त्यांना दिलेली होती, आणि ती कुणी तरी न विचारता बुजवली होती. त्यांनी खिशातला पत्रा काढून टेबलावर ठेवला. "मग हा आता कशाला," म्हणाले.

बाईंनी तो उचलला, उलटासुलटा बघितला. चाळीस वर्षांत त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. "एवढासाच?" म्हणाल्या, आणि आपल्या चष्म्याच्या घरात ठेवून घर बंद केलं. परत मागायची उस्तादांना हिंमत झाली नाही, आणि इच्छाही.

"दुकान चालू आहे ना?" बाईंनी विचारलं.

"उद्या किल्ली द्यायची."

"हत्यारं?"

"लेक तिच्या गच्चीत एक खोकं ठेवू देते म्हणालीय."

"मग झालं तर. माप घ्या."

"बाई, माझा हात बघितलात का?"

"बघितला. माझा पाय तुम्ही बघितलात का? आतापर्यंत तुम्ही आखूड पायाचे बूट शिवलेत. सरळ पायाचे कुठे शिवलेत? मला कोण शिवून देणार, तो डॉक्टर?"

वर्तमानपत्राचे दोन कागद जमिनीवर पसरले. बाई चौकट धरून उठल्या, पाऊल कागदावर ठेवलं. चौकट आडवी येत होती, पेन्सिल फिरेना. बाईंनी ती बाजूला सारली. मग आधाराला दुसरं काही जवळ नव्हतं, खुर्चीची पाठ लांब होती, म्हणून त्यांनी उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. उस्तादांनी मान वर केली नाही. खाली बसताना गुडघे कुरकुरले होते, ते आता गप्प झाले.

रेघ थरथरत गेली, टाचेशी दोनदा निसटली. गुदगुल्या होतात का, उस्तादांनी विचारलं. बाई म्हणाल्या, सांध्याबरोबर त्या काही गेल्या नाहीत.

"किती दिवस लागतील?"

उस्तादांनी मनात हिशेब केला. नवा फर्मा कोरायचा, लाकूड सुकलेलं हवं, हात असे. "दोन महिने."

"आणि पुढची जोडी?"

"नेहमीसारखी. दोन वर्षांनी."

"दोन वर्षं," बाई म्हणाल्या. "बरं. थांबते."

उठून कागद उचलायला उस्ताद वाकले तर बाईंनी आधी मागून घेतले. खुर्चीत बसून, मांडीवर पाटी धरावी तसे धरले आणि पेन्सिलीनं एकेका कागदावर शाळेतल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'डावा', 'उजवा'. खाली रेघ मारली.

"आता चुकलात तर मैदानाला चार फेऱ्या," म्हणाल्या.

उस्तादांनी कागदांच्या घड्या घातल्या. डावा डाव्या खिशात ठेवला, उजवा उजव्या. बसमधे बसायला जागा मिळाली तरी ते दोन्ही खिशांवर हात ठेवून बसले होते, आणि कंडक्टरनं दोनदा विचारल्यावर मग त्यातला एक उचलून त्यांनी तिकीट काढलं.